मदत हवी आहे: स्त्री-पुरुषांच्या श्रद्धेतला फरक मोजताना नास्तिकतेचा प्रश्न कसा विचारावा?

प्रश्नावली जवळजवळ तयार आहे, अडलंय ते इथेच. जागतिक मूल्य सर्वेक्षणात 'धार्मिक, धार्मिक नाही, की नास्तिक' असं एकाच प्रश्नात विचारतात. त्यात श्रद्धा आणि ओळख यांची सरमिसळ होते. देव न मानणारे बरेच जण 'नास्तिक' हा शब्द स्वतःला लावत नाहीत. हा संकोच स्त्रियांमध्ये जास्त असेल, तर दिसणारा फरक श्रद्धेतला नसून शब्दाचा ठरेल! म्हणून 'देव आहे असं मानता का?' हे आधी आणि ओळख अगदी शेवटी ठेवली आहे.

प्रार्थना आणि उपासनास्थळी जाणं हेही वेगळं विचारलंय. मुस्लिमांत सामूहिक नमाजाला पुरुष जास्त जातात, ख्रिश्चनांत चर्चला स्त्रिया. सगळ्यांची एकच सरासरी काढली की दोन्ही कल एकमेकांत विरतात.

प्यू संशोधन केंद्राच्या २०१६ च्या अहवालात कुठला तरी धर्म सांगणाऱ्या स्त्रिया ८३.४%, पुरुष ७९.९%. एवढा फरक ८०% शक्तीने (म्हणजे फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता ८०%) पकडायला प्रत्येक गटात सुमारे १,९०० माणसं लागतात.

आता मुख्य अडचण. संकोच टाळण्यासाठी यादीची पद्धत वापरायची आहे: निम्म्यांना चार विधानं, निम्म्यांना तीच चार अधिक 'मी देव मानत नाही', आणि उत्तर फक्त 'किती लागू पडतात' हा आकडा; दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे देव न मानणाऱ्यांचं प्रमाण. पण यात विचलन (उत्तरांचा विखुरलेपणा) इतकं वाढतं की नमुना कित्येक पट लागतो. चार साधी विधानं कशी निवडावीत, म्हणजे ज्यांतून माणसाचं मत उघड होतं अशी 'शून्य' किंवा 'सगळी' ही उत्तरं कमी येतील? आणि मुलाखत घेणारी स्त्री की पुरुष, याचा परिणाम विश्लेषणात कसा वेगळा काढता?