६४ पर्सेंटाइल आणि मामाचा हट्ट: लांबचं इंजिनिअरिंग की जवळचं बीएस्सी आयटी?

खारेगावकर
मुलीला सीईटीत ६४ पर्सेंटाइल, बारावीला ५६ टक्के. पेढे आणायचे की नाही यावर घरात बराच वेळ काथ्याकूट झाला आणि शेवटी आणले नाहीत. (त्याचं आता वाईट वाटतंय.)

माझं मत सरळ आहे. या मार्कांवर कर्जतच्या बाजूला कुठेतरी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळेल असं क्लासवाले सांगतात. नको. ठाण्यात ज्ञानसाधनाला बीएस्सी आयटी करावं, पुढे एमसीए. आम्ही कळव्याला राहतो. इथे फास्ट गाडी थांबत नाही, म्हणजे आधी स्लो, मग बदली, मग कर्जत लोकल. ती चुकली की गेला लेक्चरचा पहिला तास. जाऊन-येऊन साडेतीन तास प्रवासात घालवून आल्यावर ही पोर अभ्यास काय करणार? अभ्यासाला वेळ आणि अंगात जोर हवा, तोच तिला कमी पडतो.

तिचा मामा म्हणतो, "शिक्का इंजिनिअरचाच हवा, बाकी सगळं नंतर." बोला.

ऐरोली सेक्टर ८
मामाच्या बाजूने. माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये नोकरी करतो, मुलाखती घ्यायला बसतो. अर्जांची पहिली चाळण माणूस करत नाही, पदवीचा रकाना करतो. तिथे बीई-बीटेक मागितलं असेल तर तुमच्या मुलीला काय येतं हे कोणी बघणारच नाही. तीन वर्षं बीएस्सी आणि दोन वर्षं एमसीए म्हणजे पाच झाली. इंजिनिअरिंग चार. एक वर्ष जास्त घालवून तिथेच यायचं असेल तर आत्ताच का नको?

खारेगावकर
एमसीए लगेच केलंच पाहिजे असं कुठाय? टीसीएसचं इग्नाइट, विप्रोचं विल्प हे भरतीचे कार्यक्रम बीएस्सी-बीसीएवाल्यांसाठीच आहेत ना. विल्पमध्ये तर नोकरी करता करता एमटेक होतं. आणि चार वर्षं हे केटी लागली नाही, म्हणजे विषय राहिला नाही तर. एम-थ्रीमध्ये, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, अडकलेली मुलं आमच्या बिल्डिंगमध्येच दोन आहेत.

ऐरोली सेक्टर ८
केटी बीएस्सीलाही लागते हो.

सानपाड्याची मावशी
तुम्ही दोघंही डिप्लोमा विसरलात. बारावी सायन्सनंतर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. दोन वर्षांत डिप्लोमा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. तिथे सीईटी नाही, डिप्लोमाचे मार्क बघतात. ज्याची सीईटी बिघडली त्याला यासारखी दुसरी संधी नाही. माझ्या मुलाने हेच केलं. एक वर्ष जास्त गेलं, पण ड्रॉइंग आणि वर्कशॉप हातात बसलं होतं, त्यामुळे डिग्रीला गेल्यावर तो बिचकला नाही. "बारावी करून डिप्लोमा?" असं नातेवाईक विचारतात. विचारू देत.

गुणाकार भागाकार
खारेगावकर, तुम्ही फीचा विषयच काढला नाहीत म्हणून विचारतो. ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस आहात का? कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे का? तसं असेल तर २०२४-२५ पासून मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच, प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर एक रुपया मिळणार नाही. "सीट संपतायत, आत्ताच पैसे भरा" असा फोन येतो, तो याच कोट्यासाठी असतो.

खारेगावकर
ओबीसी, आणि उत्पन्न आतच आहे. खरं सांगायचं तर ही सवलत अनुदानित कॉलेजांपुरतीच असेल असं मी धरून चाललो होतो. तिच्या आईने आत्ता हे वाचून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते लिहिता येत नाही.

तरीही माझा मुद्दा प्रवासाचा होता. फी माफ होईल, कर्जत लोकल माफ होणार नाही.

भिवपुरी लोकल
काका, मी त्याच बाजूच्या एका कॉलेजात थर्ड इयर कॉम्प्युटरला आहे, राहायला डोंबिवलीला. कॉलेज वाईट म्हणणार नाही. पण डेटा स्ट्रक्चर्सचे सर सेमिस्टरच्या मध्येच सोडून गेले, पुढचा भाग आम्ही एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन लेक्चरवर केला. ब्रँचचं नाव कॉम्प्युटर, आणि लॅबमध्ये चालू मशिन मोजायला एक हात पुरायचा. आता सुधारलंय म्हणतात.

ओपन हाउसला जाऊन कॉलेज कळत नाही. कॉलेज चालू असताना दुपारी दोन वाजता जा. लॅबच्या दाराशी उभं राहा आणि सेकंड इयरच्या मुलांना एवढंच विचारा, फर्स्ट इयरला साठातले किती जण सगळ्या विषयांत एकदम सुटले.

ऐरोली सेक्टर ८
हे पटलं. पण म्हणून इंजिनिअरिंगच नको, हे नाही पटत.

तळोजा एमआयडीसी
सगळे कॉम्प्युटर-कॉम्प्युटर करतायत याचंच नवल वाटतं. ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, पाताळगंगा, अंबरनाथ, सगळीकडे केमिकलचे कारखाने. आणि केमिकल, मेकॅनिकलला मुलं नाक मुरडतात. कॉम्प्युटरचा कटऑफ वर म्हणून तुम्ही गावाबाहेर चाललात. ब्रँच बदला, कॉलेज आपोआप जवळ येईल.

मुंबईकडच्या बऱ्याच कॉलेजांत ५१ टक्के जागा अल्पसंख्याक कोट्यात असतात, कुठे सिंधी, कुठे गुजराती, कुठे जैन. उरलेल्या जागांवर गर्दी होते आणि कटऑफ चढतो. तेव्हा कटऑफ वर म्हणजे कॉलेज तितकं भारी, असं समजू नका.

सानपाड्याची मावशी
मुलीला शिफ्टमध्ये कारखान्यात पाठवायला सगळे बाप तयार होत नाहीत, भाऊ.

तळोजा एमआयडीसी
आमच्या क्वालिटी लॅबमध्ये निम्म्या मुली आहेत, ताई. त्यांच्या बापांना विचारून सांगतो.

गुणाकार भागाकार
भांडणं चालू द्या, पण ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म भरताना एक सांभाळा. २०२५ च्या प्रवेशात नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागायचा, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी. नाही घेतला तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. यंदाचं माहितीपत्रक वाचाच. "बघू मिळतंय का" म्हणून नको असलेलं कॉलेज वर टाकलंत तर तेच गळ्यात पडेल. आणि ओबीसीसाठीचं नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं, जुनं चालत नाही.

खारेगावकर
चार दिवसांनी लिहितोय. मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीचे आकडे काढून बसलो. ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ, खारघर इथे ईएक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) आणि मेकॅनिकल चाळलं. काही ठिकाणी ६४ बसतं, काही ठिकाणी चार-पाचने हुकतं. हुकणारी वर टाकली, बसणारी खाली. मुलीने ईएक्सटीसी निवडलं. कारण विचारलं तर म्हणाली, ठाण्याला ९-१० नंबरवरून वाशी-पनवेलची गाडी सुटतेच तिथून, बसायला मिळतं. मी हसलो, पण माझाही मुद्दा प्रवासाचाच होता.

दोन कॉलेजं दुपारी दोनला जाऊन पाहिली. एकात लॅबला कुलूप होतं, ते यादीतून काढलं. कर्जत टाकलंच नाही. बीएस्सी आयटीचा फॉर्मही भरून ठेवलाय, ते मत मी सोडलेलं नाही. शिक्का इंजिनिअरचा असूनही मामा खूश नाही, त्याला कॉम्प्युटरच हवं होतं.

नॉन-क्रिमीलेयर अजून हातात आलेलं नाही. तूर्त अर्जाची पावती जोडलीय.