घरी काडतुसं भरायची म्हणे!

काळीमाती_आर्वी
काल इथं एका पोट्ट्याची पोस्ट वाचली, तेव्हापासून डोकं ठणकून राहिलं. थोडक्यात अशी: बाहेर देशात हौशी नेमबाज उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या केस (धातूच्या नळकांड्या) घरीच परत भरतात, प्रायमर (पेट देणारा मसाला), पावडर (दारू), बुलेट (गोळी), झालं काडतूस, खर्च निम्मा, आपल्याकडं मात्र लायसन्सवरच्या कोट्यात रडत बसा, सरकारनं हे खुलं करावं, मी तर काडतुसं भरायचं यंत्र, प्रेस मागवतोच आहे. खाली वाहवा करणारे ढीगभर. तिथं लिहिलं असतं तर बुडालं असतं, म्हणून वेगळा धागा.

भाऊ, तो प्रेस म्हणजे शेवयाचा सोऱ्या नाही. आमच्या काकाकडं ठासणीची बंदूक होती, नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, पीकराखणीच्या लायसन्सवरची. मी तेव्हा सातवीत. तूर फुलावर, डुकरं रोज रात्री वावरात, आणि बंदुकीची काळी दारू संपलेली, दुकान तिकडं अमरावतीला. काकाच्या डोक्यात आलं की दोस्ताकडं बारा बोरची जुनी काडतुसं पडून आहेत, तीच फोडू. त्यातली दारू राखाडी, चपट्या कणांची, काळ्या दारूसारखी नाहीच. पण मोजली कशात, तर नेहमीच्याच खोकल्याच्या औषधाच्या झाकणात. झाकण तेच, दारू बिनधुराची, तिचा जोर कैक पट. एकच बार झाला. नळी ज्वारीच्या धांड्यासारखी उभी फाटली. आजीनं लुगड्याचा पदर फाडून हात बांधला, बंडीत टाकून नेलं, डाव्या हाताची दोन बोटं गेली ती गेलीच. नंतर गाय दोहायला बसला की गाय पान्हा चोरायची, तिलाही तो हात ओळखू येईना.

आणि कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ काढून वाच, बिनपरवाना काडतूस बनवणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. हौस म्हणे.

ट्रिगर_यवतमाळ
तो पोट्टा मीच. काकांचं वाईट वाटलं, खरंच, पण तुम्ही बैलगाडी उलटली म्हणून मोटर बंद करा म्हणताय. रिलोडिंगमधे, म्हणजे काडतूस परत भरताना, झाकणानं मोजत नाहीत, ग्रेनमधे तोलतात, एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम, डिजिटल काटा येतो, कोणत्या बुलेटला कोणती पावडर किती याची छापील पुस्तकं असतात. तुमच्या काकांनी यातलं काहीच केलं नव्हतं. अडाणीपणाचा दोष हौसेवर कशाला?

आणि मी कुठं म्हटलं चोरून करतो, खुलं करा म्हणतोय.

काळीमाती_आर्वी
"प्रेस मागवतोच आहे" हे कोण म्हणालं मग, माझा काका?

रेंजवाला_नागपूर
मी पोरांना शिकवतो म्हणून एकच विचारतो. ट्रिगर भाऊ, तू मारतोस कोणत्या गोळीनं?

ट्रिगर_यवतमाळ
पॉइंट टू टू, .२२ बोरची रायफल. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमधे स्वप्निल कुसाळेचं रायफलचं ब्राँझ पाहिलं आणि सुरू केलं. का?

रेंजवाला_नागपूर
मग विषयच मिटला राजा. पॉइंट टू टू रिमफायर असते. प्रायमरचा मसाला केसच्या काठाच्या घडीत भरलेला असतो, बंदुकीची पिन त्या काठावर आदळते, काठ चेपतो. तो परत कसा भरणार? जगभर ती केस फेकूनच देतात. भरतात ते सेंटरफायर, जिच्या बुडाशी मधोमध वेगळी प्रायमरची टोपी असते. तू ज्या हौसेसाठी भांडतोस ती तुझ्या बंदुकीला लागूच नाही.

ट्रिगर_यवतमाळ
धन्यवाद गुरुजी, उपकार झाले. पुढं सेंटरफायर पिस्तुलाकडं जायचंय मला, पॉइंट थ्री टू, ती भरता येते. तेवढं तरी मान्य आहे की त्यालाही काठ सापडेल तुम्हाला?

वावरातला_बावा
तुमचं चालू द्या बापा पिस्तूल न् फिस्तूल. मी सांगतो मुद्द्याचं. काळीमाती भाऊनं तुरीचं नाव काढलं अन् मले रायवलं नाही. आमच्या घरी ठासणीची बंदूक हाये, लायसन्स हाये, दरवेळी नूतनीकरणाले चकरा मारून मारून चपला झिजल्या, अन् २०२४ मंधी ते बंदूक दोनदा ठाण्यात जमा केली, एकदा लोकसभेले, एकदा विधानसभेले. विधानसभेची आचारसंहिता कवा लागली? १५ ऑक्टोबरले. मतदान २० नोव्हेंबरले. म्हंजे कापसाची पऱ्हाटी फुटून रायली, तूर फुलावर येऊन रायली, अन् बंदूक ठाण्यात! डुकराले कोनं सांगितलं आचारसंहिता पाळ म्हणून? सकाळी गेलो तं दीड एकरातली तूर नांगरल्यावानी. रोही, म्हंजे नीलगायी, वेगळेच, थे तं शेंडेच खाते. अन् हे पोट्टे इथं हौसेची काडतुसं भरून रायले.

झुडपी_जंगल
बावा, बंदूक घरी असती तरी काय केलं असतंस? लायसन्स बंदुकीचं आहे, डुकराचं नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

वावरातला_बावा
हवेत बार काढला असता! आवाजानं पयते थे. अन् परवानगीचं मले नको शिकवू, अर्ज केला होता, साहेब म्हणे पंचनामा झाल्यावर पाहू, पंचनाम्याले मानूस आला तवा तूर कापून हरभरा पेरला होता म्या.

झुडपी_जंगल
आवाजानं पळतात आणि अर्ध्या तासानं परततात. आमचा बाप वनमजूर होता, लहानपण जंगलात गेलं माझं. तुमच्यासारखेच वैतागून मग तारेत करंट सोडतात. डुक्कर मरतं, पाठोपाठ वाघ मरतो, आणि पहाटे मोटर लावायला गेलेला शेजारी मरतो. आमच्या गावात गेला एक, पोरगी दहावीत होती त्याची.

वावरातला_बावा
म्या करंट लावला का? म्या? झटका मशीन हाये माह्या वावरात, सोलरवालं, कुंपनाच्या तारेले नुसता झटका देते, जीव नाही घेत, पदरच्या पैशानं घेतलं. नाव ठेवाले येतात सारे, जागलीले एकबी येत नाही. ये ना एक रात्र माळ्यावर, डिसेंबरात ये.

रेंजवाला_नागपूर
धागा काडतुसाचा होता बहुतेक.

ओहायोचा_मावसभाऊ
मी नाही, माझा मावसभाऊ तिकडं राहतो, हे नाव गमतीत घेतलं. तो खरंच भरतो, गराजमधे टेबल आहे त्याचं. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही बाजूंना झोंबतील. एक, तो म्हणतो पैसे काही वाचत नाहीत, तेवढ्याच पैशात बार जास्त उडतात, बायको ओरडते ते वेगळं. खरा फायदा एवढाच की लांबच्या नेमाला प्रत्येक गोळी सारख्या वेगानं सुटते, आपल्या रायफलला मानवेल तशी भरता येते. दोन, काटा, पुस्तक, सगळं असूनही त्याच्या हातून एक केस पावडरशिवाय गेली. फोन आला होता तेव्हा. नुसत्या प्रायमरच्या जोरावर बुलेट नळीत अर्ध्यात जाऊन अडकली. "फट" असा बारीक आवाज आला म्हणून थांबला. पुढची झाडली असती तर नळी फुटली असती. इंजिनियर आहे तो, अडाणी नाही.

काळीमाती_आर्वी
बरं, सारख्या वेगाचं मान्य. माहीत नव्हतं मला. बाकी माझं म्हणणं तसूभर हलत नाही, उलट तुमच्या भावानं पक्कं केलं.

ट्रिगर_यवतमाळ
म्हणजे तिकडच्या माणसानं चूक केली, सावरली, आजही भरतोय. इकडं मात्र विचार मांडला तरी काकांची बोटं दाखवायची. कोल्हापूरकडं घरटी नेमबाज निघतात, आम्ही सरावाला यवतमाळहून नागपूर गाठायचं, येणं-जाणं तीनशे किलोमीटर, त्यात गोळ्या मोजून. विदर्भाचा अनुशेष फक्त सिंचनाचाच असतो का?

रेंजवाला_नागपूर
हे मात्र शंभर टक्के खरं बोललास. गोळ्यांअभावी पोरं सोडून जातात, पाहिलंय मी. पण त्यावर उपाय क्लबला जास्त गोळ्या मिळणं, तुझ्या माळवदावर कारखाना नाही. आणि एक सांगायचं राहिलं, शस्त्र कायद्यातली "दारूगोळा" ची व्याख्या बघ, कलम २ मधे. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही त्यातच येतात. प्रेस मागवलास?

ट्रिगर_यवतमाळ
नाही. कार्टमधे आहे.

काळीमाती_आर्वी
काढ.

ट्रिगर_यवतमाळ
काढला. खूश?

वावरातला_बावा
वाचले ना पैसे? आता त्याचं झटका मशीन घे अन् माह्या धुऱ्यावर लावून दे.