‘छावणी’, ‘तळ’ आणि आपला ‘कॅम्प’

प्रश्न (खानापूर): वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी मी कॅनडाच्या उत्तरेतील इकालुइत या गावावर टिपण लिहीत आहे. युरोपकडे विमाने नेताना वाटेत थांबा हवा म्हणून अमेरिकेने १९४२ साली तेथे धावपट्टी बांधली आणि त्या कामावर आलेल्या इनुइट लोकांची वस्ती तेथेच स्थिरावली. आज ती नुनावुत प्रदेशाची राजधानी आहे, पण बाहेरून तेथे जाणारा रस्ता अजूनही नाही. मी ‘लष्करी छावणीतून वसलेले गाव’ असे लिहिले होते. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी ‘छावणी’ खोडून ‘तळ’ केले. कोणता शब्द योग्य?

उत्तर (टिळकवाडी): सभासदांची दुरुस्ती योग्य आहे, मात्र ‘छावणी’ चुकीचा म्हणून नव्हे. ‘छावणे’ म्हणजे छप्पर शाकारणे. दसऱ्याला मुलूखगिरीवर निघालेले मराठी सैन्य पावसाळ्यापुरते एके ठिकाणी थांबत असे, तेव्हा तंबूंवर भागत नसे, गवताची छपरे घालावी लागत; त्या मुक्कामाला छावणी म्हणत. ‘तळ’ ठोकला जातो आणि उठतो, म्हणून तो छावणीपेक्षा अल्पकाळाचा. (‘तळ ठोकून बसला’ हे आपण हलता न हलणाऱ्या पाहुण्याबद्दल म्हणतो, ही गंमत वेगळी.) पुढे इंग्रजी अमलात कायमच्या लष्करी वस्तीला छावणी म्हणू लागले आणि ‘तळ’ हा शब्द हवाई तळ, नौदल तळ असा स्थिरावला. इकालुइतला आधी आली ती धावपट्टी, म्हणून ‘हवाई तळ’च म्हणावे. शिवाय दुष्काळाच्या बातम्या वाचणाऱ्याला ‘छावणी’ म्हटले की आधी चारा आणि दावणीची जनावरेच आठवतात.

आपल्या बेळगावात तर छावणी हा शब्द पाटीपुरताच आहे. १८१८ साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्यावर जी लष्करी वस्ती उभी राहिली, तिला सगळे कॅम्पच म्हणतात. माझी आजी शहापुरातून पिशवी घेऊन निघताना ‘कॅम्पात जाऊन येते’ म्हणे. ‘छावणीत’ म्हणाली असती, तर घरच्यांना वाटले असते की नातू भरतीला उभा राहिला. कानडीत याला ‘दंडु’ म्हणतात. बंगळूरच्या कॅन्टोन्मेंट स्थानकाच्या कानडी पाटीवर तोच शब्द आहे.

उत्तर (निपाणी): ‘कंपू’ला विसरू नये. पोर्तुगीज ‘कांपो’वरून आलेला हा शब्द शिंद्यांच्या कवायती पलटणींसाठी रूढ होता, आज त्याचा अर्थ टोळके एवढाच उरला. म्हणजे कॅम्प आणि कंपू हे चुलतभाऊच. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली मुक्काम केला, त्या मुक्कामाचे शहर झाले आणि त्याचे नाव लष्करच राहिले. पुण्याच्या कॅम्पालाही लष्कर म्हणतातच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. अमेरिकन सैन्य १९६३ साली तेथून निघून गेले. त्या वाक्यात ‘तळ उठला’ हे आपोआपच बसते, ‘छावणी उठली’ लिहिताना मी अडखळलो होतो. ‘हवाई तळाभोवती वसलेले गाव’ असा मथळा करतो. १९८७ पर्यंत चाललेले फ्रोबिशर बे हे नाव पहिल्या परिच्छेदात घेतो, कारण आमच्या जुन्या नकाशात तेच छापलेले आहे.