पीएचपीत (वेबपानं बनवायची भाषा) ॲरेच्या (नोंदींच्या यादीच्या) आत ॲरे, त्याच्या आत ॲरे… फिरवायची कुठली पद्धत घेऊ? (पॅकेज नको, खर्च नको)

हळकुंड: सांगली मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीसाठी हळदीच्या आवकेचं पान करतोय. तालुका, त्यात गाव, त्यात लॉट नंबर, लॉटमध्ये पोती-वजन-दर. काही गावांत लॉटच्या आधी राजापुरी, सेलम अशी जातीची जादा पातळी आहे, काहींत नाही. तिथं आतलं फॉरईच (एकेक नोंद घेणारा लूप) आकड्याऐवजी नुसतं 'ॲरे' छापतंय. गावनिहाय बेरीज पण हवी. शेअर्ड होस्टिंग, पीएचपी ७.४, पॅकेज (बाहेरचा तयार कोड) टाकता येत नाही. मालक वर एक रुपया देणार नाहीत.

मिरज_जंक्शन: लॅराव्हेल (पीएचपीचं तयार फ्रेमवर्क) घ्या. आम्ही स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र सर्व्हर) घेतला, दर महिन्याला भाडं जातं पण डोकं शांत.

कृष्णाकाठ: अरे पॅकेज नको म्हणतोय की तो! भावा, पीएचपीतलंच ॲरे_वॉक_रिकर्सिव्ह फंक्शन घे. एका ओळीत काम.

तासगावचा_बेदाणा: एका ओळीत काम आणि गावांची नावं गायब. ते फंक्शन फक्त टोकाच्या किमतींवर जातं. ज्या कीच्या (नोंदीच्या नावाच्या, म्हणजे इथं गावाच्या) पोटात ॲरे आहे, ती कॉलबॅकला (आपण त्याला दिलेल्या फंक्शनला) मिळतच नाही. मग गावनिहाय बेरीज कशी करणार? स्वतःचं रिकर्सिव्ह फंक्शन लिहा: इज_ॲरे असेल तर स्वतःलाच बोलवायचं, नसेल तर छापायचं. वाटेतल्या की सोबत न्यायच्या.

कृष्णाकाठ: आमच्या एकूण बेरजेला चालतंय ते.

विश्रामबाग_नाका: ७.४ वर अजून कोण आहे? नोव्हेंबर २०२२ मध्येच त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या बंद झाल्या. आणि तुम्हाला दिसतंय त्या 'ॲरे'ला ७.४ नुसती नोटीस देतं, ८ मध्ये वॉर्निंग येते. आधी होस्टिंगवाल्याला फोन लावा.

मिरज_जंक्शन: तेच म्हणतोय, व्हीपीएस.

पलूसकर_पोरगं: सेलम कशाला ठेवलीय यादीत? हळद म्हणजे राजापुरी. २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालंय सांगलीच्या हळदीला.

तासगावचा_बेदाणा: मानांकन हळदीला मिळालंय, ह्यांच्या कोडला नाही. आमच्या शिवारात सेलमच लावतात, उतारा चांगला पडतो.

गणपतीपेठ: रिकर्सिव्हइटरेटरइटरेटर पीएचपीतच आहे, पॅकेज लागत नाही. सेल्फ फर्स्ट हा पर्याय दिला की गावाची की पण येते, गेटडेप्थने पातळी कळते. नाव वाचूनच लोक पळतात, त्याला माझा इलाज नाही.

विश्रामबाग_नाका: आणि फॉरईचमध्ये अँपरसँड (&, म्हणजे प्रत न घेता मूळ नोंदीलाच हात) लावू नका. आमच्या आधीच्या माणसानं लावला होता, लूप संपल्यावर ते व्हेरिएबल अनसेट (मोकळं) केलं नाही. पुढच्या लूपला तेच व्हेरिएबल, म्हणून यादीतल्या शेवटच्या गावावर त्याच्या आधीच्या गावाचा आकडा चढायचा. व्यापारी रोज भांडायला यायचे.

कृष्णाकाठ: डेटाबेसमध्ये ग्रुप बाय (गटवार बेरीज) का नाही करत मुळात?

हळकुंड: डेटाबेस नाही दादा, पेढीच्या सॉफ्टवेअरमधून जेसन (नोंदी साध्या मजकुरात लिहिलेली) फाइल येते. सगळ्यांचे आभार. मी असं करतोय: फाइल वाचतानाच, ज्या गावात जात नाही तिथं 'इतर' नावाची पातळी घुसवतो. गावाच्या लगेच आतल्या पातळीत थेट वजन सापडलं की समजायचं जात नाही. खोली सगळीकडं सारखी झाली की साधी फॉरईच एकात एक. माझ्यानंतर पेढीवरच्या पोराला वाचता आलं पाहिजे.

गणपतीपेठ: म्हणजे आम्ही सांगितलेलं एकही नाही. मग विचारलंत कशाला?

मिरज_जंक्शन: उद्या बाजार समितीनं ग्रेडची पातळी वाढवली की या परत.

तासगावचा_बेदाणा: करू दे की, वाचायला सोपं आहे. फक्त दोन दिवसांच्या फाइली जोडताना ॲरे_मर्ज नको. '४१२' असा लॉट नंबर की म्हणून गेला की पीएचपी त्याचा पूर्णांक करतं, आणि मर्ज पूर्णांक की शून्यापासून नव्यानं मोजतं. पावतीवर ४१२ आणि पानावर ० दिसेल. ॲरे_रिप्लेस वापर, आणि जातीच्या आतल्या, म्हणजे लॉटच्या पातळीवर वापर. वरच्या पातळीवर लावलास तर अख्खा जुना तालुका पुसला जाईल.