मदत हवी आहे : प्रेमकथेवर एक-एक तारा पडतोय, लेबल बदलू का?

गड्ड्यातला_पाळणा
लवकर सांगा कुणीतरी. काल रात्री माझ्या ऑनलाइन कथेचा शेवटचा भाग टाकला, सकाळपासून फोन थांबत नाहीये. "फसवलंत", "पैसे मागत नाही, पण वेळ परत द्या" असलं काय काय. कुणाला काय फसवलं मी? दोन पुरुषांची गोष्ट आहे हे वर ठळक लिहिलंय. लेबल बदलू की कथाच काढून टाकू? संध्याकाळी दुकानात गर्दी असते, त्याआधी सांगा.

विजापूर_वेस
किती भाग? कुठल्या वर्गात टाकलीस? लेबलवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथं डकव.

गड्ड्यातला_पाळणा
४१ भाग. वर्ग प्रेमकथा. लेबल : "सावधान! समलैंगिक विषय. १८+."

कडक_भाकरी
अरे संस्कृतीवाले असतील सगळे. ब्लॉक कर आणि झोप. माझ्या भूतकथेवर पण असेच तुटून पडले होते, अंधश्रद्धा पसरवतो म्हणे. मी त्यांच्या नाकावर टिच्चून दुसरा भाग काढला. तो पण कुणी वाचला नाही ते सोड.

गड्ड्यातला_पाळणा
नाही ना, तेच तर कळत नाहीये. शिव्या घालणारे माझेच वाचक आहेत, पहिल्या भागापासूनचे. त्यांतले कितीतरी स्वतः गे आहेत.

विजापूर_वेस
शेवट काय केलास?

गड्ड्यातला_पाळणा
शेवटाचा काय संबंध? मी लेबलचं विचारतोय.

विजापूर_वेस
शेवट सांग बे.

गड्ड्यातला_पाळणा
दोघांतला अनिकेत जातो. अक्कलकोट रोडला, रात्रपाळी सुटल्यावर, ट्रक. कथेची गरज होती.

विजापूर_वेस
हे तू पाचव्या प्रतिसादात सांगतोस!

कायदा_कट्टा
घाबरू नका. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध वगळले. लिहिणं गुन्हा नाही. लग्नाला मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्यता मिळाली नाही, तेव्हा कथेत लग्न दाखवलं असेल तर

गड्ड्यातला_पाळणा
साहेब, कायद्याचं कुणी विचारलंय?

वाचनालयातली_मावशी
बाळा, घोळ शब्दाचा आहे. आपल्याकडे प्रेमकथा म्हटलं की शेवटी पदर डोळ्याला लागणार हे धरूनच आम्ही वाचलं. पण तुझे वाचक ज्या इंग्रजी रोमान्सवर वाढलेत तिथला करार वेगळा. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची व्याख्याच अशी की प्रेम गोष्टीच्या मध्यावर हवं आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. मध्ये कितीही रडवा, शेवटी दोघं एकत्र. ते त्या भरवशावर ४० भाग थांबले.

कडक_भाकरी
म्हणजे शेवट आधीच फोडून टाकायचा? मरणार म्हणून पाटी लावली तर वाचणार कोण? मावशी, लेखकाचं स्वातंत्र्य म्हणून काही आहे की नाही?

वाचनालयातली_मावशी
स्वातंत्र्य आहेच. चटणीच्या बरणीवर साखर लिहायचं स्वातंत्र्य नाही.

सोलापुरी_मेवा
चटणीवरून आठवलं, पुण्यात घरपोच खमंग शेंगा चटणी कुणी पाठवतं का? इथली सगळी खवट निघतेय.

अप्पर_बर्थ
मी त्या एक तारावाल्यांतला एक. सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये वरच्या बर्थवर, उजेड कमी करून वाचत होतो. तुमचा तो सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याचा, म्हणजे नंदीध्वजाच्या लग्नाचा, भाग तीनदा वाचला. संमती कट्ट्याला ही गर्दी, दोघंही पांढऱ्या बाराबंदीत, आणि समीर मुठीतल्या अक्षता नंदीध्वजाकडे टाकता टाकता चार दाणे अनिकेतच्या खांद्यावर सोडतो. तो झटकत नाही. घरी जाईपर्यंत तसेच. हे लिहिणाऱ्याला ट्रक कशाला लागला? गोष्टीत आम्ही मेलेलो लई वाचलंय. आणि ते "सावधान" कुणासाठी? मी असण्याबद्दल सावधान, मरणाबद्दल एक अक्षर नाही.

गड्ड्यातला_पाळणा
"सावधान" घरच्यांच्या भीतीने लिहिलं होतं. चुकून कुणी उघडलं तर, म्हणून.

निवृत्त_मास्तर
या संदर्भात एक सांगतो. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरने १९१३-१४ साली 'मॉरिस' ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहिली आणि शेवट हट्टाने सुखाचा ठेवला. इंग्लंडात तेव्हा असे संबंध गुन्हा होते. एखादा पोरगा फासावर लटकवला असता तर पुस्तक चाललं असतं, असं त्याने स्वतःच नोंदवून ठेवलंय. ती छापली गेली १९७१ साली, तो वारल्यावर. म्हणजे दुःखान्त हा धाडसाचाच असतो असं नाही, कधी कधी तोच सोयीचा असतो.

कडक_भाकरी
मास्तर, इथं माणसाला दुकान उघडायचंय.

विजापूर_वेस
ऐक. एओथ्रीवर, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या त्या इंग्रजी साइटवर, चार ठरावीक इशारे आहेत, त्यात प्रमुख पात्राचा मृत्यू हा एक. तो द्यायचा नसेल तर "लेखकाने इशारे न देण्याचं ठरवलं आहे" असाही पर्याय आहे. शेवट फुटत नाही आणि वाचणारा आपल्या जबाबदारीवर आत शिरतो. कथा काढू नको. "सावधान" काढ. समलैंगिक हा विषय म्हणून टॅगमध्ये टाक, इशारा म्हणून नको. आणि १८+ कशाला? काही आहे का तसलं?

गड्ड्यातला_पाळणा
नाही हो. एकदा हात धरलाय, कंबर तलावाला.

विजापूर_वेस
हात धरल्याला १८+!

गड्ड्यातला_पाळणा
काढलं. आता असं केलंय : "सामाजिक कथा. दोन पुरुषांचं प्रेम. मुख्य पात्राचा मृत्यू आहे." मृत्यूचं उघडच लिहिलं, परत भानगड नको. ट्रक मात्र राहणार. तो मी बदलणार नाही, त्याचं कारण इथं लिहिण्यासारखं नाही.

अप्पर_बर्थ
बरं. मग कितव्या भागानंतर थांबायचं तेही लिहा. माझ्यापुरतं मी चाळिसाव्याला थांबवलंय.

सोलापुरी_मेवा
चटणीचं सांगा की कुणीतरी.