गुडघा बदलून १६ दिवस झाले, फिजिओ आठवड्यातून दोनदाच. मधल्या दिवसांत काय करायचं?

चिरेबंदी (गुहागर तालुका):
आईचा उजवा गुडघा बदलला, वय ६७. टाके परवा काढले, जखम कोरडी आहे. फिजिओ चिपळूणहून मंगळवार-शुक्रवार येतात. शुक्रवारचं माप: वाकणं ७५ अंश, सरळ व्हायला १० अंश कमी. वॉकर घेऊन ओटीपर्यंत येते. मधल्या दिवसांत व्यायाम किती करून घ्यायचा? सीपीएम मशीन (पाय ठेवला की गुडघा आपोआप वाकवून-सरळ करणारं यंत्र) भाड्यानं आणावं का? वाडीतले एक जण तेल चोळून वाकवून देतो म्हणतायत. शिवाय घरापासून रस्त्यापर्यंत २२ पायऱ्यांची पाखाडी आहे आणि गणपतीला महिना उरलाय.

सुरंगी (फिजिओथेरपिस्ट):
७५ वाढतील. खटकतात ते १० अंश. गुडघ्याखाली उशी ठेवता का? ठेवत असाल तर आजच काढा. उशीवर बरं वाटतं खरं, पण गुडघा त्याच वाकात आखडतो, मग चालताना लंगड राहते आणि मांडी लवकर भरून येते.

आता ते १० अंश कसले, ते बघा. पलंगावर पाय लांब करून टाचेखाली टॉवेलची जाड गुंडाळी ठेवा, पोटरी आणि गुडघा अधांतरी. पाच मिनिटांनीही खाली गेला नाही तर सांधा ताठर आहे. असा ठेवल्यावर सरळ होतो, पण आई स्वतः पाय उचलायला गेल्या की वाकतो, तर मांडीचा स्नायू कमजोर आहे.

ताठर असेल तर हीच गुंडाळी ५ मिनिटांपासून १० पर्यंत, दिवसातून ४-५ वेळा. बोटं आढ्याकडे हवीत. पाऊल बाहेर कलंडलं की ताण निसटतो. कमजोर असेल तर त्याच स्थितीत मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, ५ सेकंद धरायचा, १० वेळा, जागेपणी दर दोन तासांनी. आकडे मोठ्यानं मोजायला लावा, म्हणजे श्वास रोखला जात नाही.

वाकवण्यासाठी टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घालून टाच बुडाकडे ओढायची, १० ते १५ वेळा, दिवसातून तीनदा. नंतर खुर्चीत बसून पाऊल पक्कं रोवायचं आणि बूड पुढे सरकवायचं, १५ सेकंद. अंगठा जिथे येतो तिथे फरशीवर खडूची रेघ मारा. खुर्ची रोज तीच हवी. रेघ तीन दिवस हलली नाही तर फिजिओंना फोन करा, मंगळवारची वाट बघू नका. त्यांच्या भेटीत मापं घेऊन पुढचा व्यायाम ठरला पाहिजे. तेच ते करून घेण्यात तास गेला तर भेट फुकट.

खाडीकाठ (ऑर्थोपेडिक सर्जन):
किती करायचं ते दुसऱ्या दिवशीचा गुडघा सांगतो. व्यायामाचं दुखणं दोनेक तासांत उतरायला हवं. सकाळी सूज कालच्यापेक्षा जास्त आणि वाक कमी असेल तर व्यायाम निम्मा करा, बंद नको. दुखण्याची लिहून दिलेली गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास द्या. नंतर कापडातून १५ मिनिटं बर्फ. मासळीवाल्यांकडचा बर्फाचा चुरा दुहेरी पिशवीत भरला तर गुडघ्याभोवती झकास बसतो, फक्त पिशवी जखमेवर गळू देऊ नका.

सीपीएमचे पैसे वाचवा, रोजच्या व्यायामापुढे त्याचा फायदा नगण्य. तेलवाल्यांना नमस्कार करा. जोर लावून वाकवलं की सूज येते आणि वाक आणखी कमी होतो.

सहा आठवड्यांत ९० अंश झाले नाहीत तर सर्जनना दाखवा. गरज पडली तर ते भूल देऊन गुडघा वाकवतात, पण ते लवकर केलं तरच सोपं जातं. पोटरी दुखून सुजली, धाप लागली, जखम पाझरली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

चिरेबंदी:
टाच ठेवली की सरळ होतो, उचलताना वाकतो. उशी होतीच, काढली. पाखाडीचं सांगा.

पोफळी (घरी जाऊन फिजिओ):
म्हणजे मांडी कमजोर. ती सुधारेपर्यंत पाखाडी नको, उतरताना गुडघा दगा देतो. घरात काठीवर चालणं जमलं आणि ऑपरेशनचा पाय १५ सेंटिमीटरच्या पाटावर ठेवून आधारानं १० वेळा चढता-उतरता आलं, की ओटीच्या पायऱ्यांवर सराव, मग पाखाडी.

वॉकर पायऱ्यांवर नेऊ नका, चिऱ्याच्या अरुंद पायरीवर त्याचे चारही पाय टेकत नाहीत. एका हातात कठडा, दुसऱ्यात काठी. कठडा नसेल तर आधी तो बसवा. चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा. धरणारा माणूस दोन्ही वेळा खालच्या बाजूला, हात कमरेच्या पट्ट्याला; काखेत धरू नये. सगळ्या पायऱ्यांची उंची मोजा. जी बाकीच्यांपेक्षा उंच निघेल तिथेच पाय फसतो, तिच्यावर पांढरा पट्टा ओढा.

शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडून काढा. खळ्यात चिखलावर झावळ्या टाकल्या असतील तर आईंच्या वाटेवरून उचला, वॉकरचा पाय त्यात अडकतो. वॉकरची रबरी बुशं गुळगुळीत झाली असतील तर आधी तीच बदला.

मोदक टेबलावर वळू देत, आरतीला खुर्ची. मांडी घालायची की नाही ते तुमच्या सर्जनना विचारूनच.