सॅली स्विफ्ट यांची पद्धत लहान मुलांच्या रायडिंग-वर्गात कशी आणायची?

दुडकीस्वार

शाळेच्या रायडिंग-वर्गासाठी विचारतोय. मुलं १० ते १४ वर्षांची, घोडे चार, प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा अर्धा तास. कदम चालीत (वॉक) सगळी झकास बसतात. दुडकी (ट्रॉट) सुरू झाली की टाचा वर, गुडघे खोगिराला चिकटलेले आणि तोल सावरायला लगामाला लोंबकळणं. 'टाच खाली, पाठ ताठ, समोर बघ' असं ओरडलं की दोन फेऱ्या बरं, मग पुन्हा तेच. सॅली स्विफ्ट या अमेरिकन शिक्षिकेच्या 'सेंटर्ड रायडिंग'चं नाव सारखं कानावर येतं. बाई मुळात कोण, हा ध्यानधारणेचा प्रकार आहे की त्यात काही ठोस आहे, आणि एवढ्या मुलांना तो सांगायचा कसा?

पागा

ठोस आहे, आणि त्याचं मूळ बाईंच्या पाठीच्या कण्यात आहे. जन्म १९१३चा, मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅमचा. लहानपणीच कणा एका बाजूला वाकलेला असल्याचं निघालं, म्हणजे स्कोलिओसिस. त्यावर शरीराची ठेवण शिकवणाऱ्या मेबल टॉड यांच्याकडे काम सुरू झालं. टॉड यांचा भर 'सरळ बस' म्हणण्यावर नव्हता. हाडं एकावर एक कशी रचली जातात याचं चित्र त्या मनात उभं करायला लावत, आणि स्नायू आपोआप त्यामागे जात. स्विफ्टबाईंनी पुढे हेच घोड्यावर आणलं, नंतर त्याला अलेक्झांडर तंत्राची, म्हणजे हालचालीतला नको तो ताण सोडायला शिकवणाऱ्या पद्धतीची, जोड दिली.

गंमत म्हणजे ज्या कामासाठी जग त्यांना ओळखतं ते निवृत्तीनंतरचं. तरुणपणी त्यांनी रायडिंग शिकवलं, पण मग बरीच वर्षं व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरो इथे होल्स्टिन गाईंच्या पैदासकारांच्या संघटनेत नोकरी केली. १९७५ मध्ये, ६२व्या वर्षी, निवृत्त झाल्यावर ओळखीच्या काही जणांना शिकवू लागल्या आणि ते वाढत गेलं. पद्धतीचं पुस्तक आलं तेव्हा बाई सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. २००९ मध्ये गेल्या.

तुमचं 'टाच खाली' का फसतं ते बघा. हुकूम ऐकून मूल रिकिबीवर पाय दाबतं. घोटा आखडतो, गुडघा ताठ होतो आणि बूड खोगिरावरून उचललं जातं. घोटा ही खरी स्प्रिंग. ती आखडली की दुडकीचा धक्का थेट कमरेत जातो, कमर खांदे उडवते, खांद्यांबरोबर हात उडतात आणि घोड्याच्या तोंडात बिटाचा, म्हणजे लगामाला जोडलेल्या तोंडातल्या कडीचा, दणका बसतो. घोडा डोकं वर करून पाठ खाली टाकतो, म्हणजे दुडकी आणखी आदळते. ज्या दोषावर तुम्ही ओरडताय तो त्या ओरडण्यानेच वाढतोय.

मांड_पक्की

वर बरोबर लिहिलंय. वापराचं मी सांगते. बाईंच्या मूळ गोष्टी चारच: मऊ नजर, श्वास, केंद्र आणि ठोकळ्यांची रचना.

मऊ नजर आधी जमिनीवर शिकवा. मुलाला समोरच्या खांबावरच्या एका खिळ्याकडे टक लावून बघायला सांगा आणि खांद्याला हात लावा, खांदा घट्ट लागेल. मग खिळा दिसत राहू दे, पण त्याच वेळी डावी-उजवीकडचं कुंपण, जमीन, स्वतःचे हातसुद्धा डोळ्यांच्या कडांनी दिसू देत. पुन्हा हात लावा. फरक मुलाला स्वतःलाच कळतो. घोड्यावर याचा फायदा दुहेरी: मान सैल राहते, आणि मूल घोड्याच्या कानांत बघणं सोडतं. डोकं चार-साडेचार किलोचं. ते खाली झुकलं की मुलाचा सगळा तोल घोड्याच्या खांद्यांवर जातो.

श्वासाचं मुलांना समजावत बसू नका. 'श्वास सोड' म्हटलं की पोरं खांदे पाडून पोक काढतात. दुडकीत पाढे म्हणायला लावा, मोठ्याने, एका पावलाला एक शब्द. बे एके बे म्हणताना श्वास कोंडून धरताच येत नाही. आवाज अडखळला की समजा पोट आखडलं, तिथेच कदम चालीवर आणा.

केंद्र म्हणजे बेंबीच्या खाली, कण्याच्या पुढच्या बाजूला, ओटीपोटाच्या आत. एक तळहात बेंबीखाली, दुसरा त्याच उंचीवर कमरेच्या मागे ठेवायला लावा आणि दोन हातांच्या मधली जागा जाणवू दे. हे कदम चालीत, घोडा कुणीतरी धरलेला असताना. दोन फेऱ्यांत कमर घोड्याच्या पाठीबरोबर हलायला लागते.

ठोकळ्यांची रचना म्हणजे कान, खांदा, खुबा आणि घोटा एका ओळंब्यात. तपासायचा प्रश्न एकच: घोडा खालून अचानक गायब झाला तर मूल पायांवर उभं राहील का? बुडावर आपटणार असेल तर ते खुर्चीत बसलंय, तोंडावर पडणार असेल तर बुडाऐवजी मांड्यांच्या बेचक्यावर पुढे झुकलंय.

बाई स्प्रूसच्या झाडाची उपमा द्यायच्या, केंद्रातून मुळं खाली आणि खोड वर. आपल्याकडे माड सांगावा. वड नको, वड म्हटलं की पोरं हात पारंब्यांसारखे सोडतात.

खरारा

हे सगळं मान्य, पण आधी सामान तपासा. खोगीर नीट बसलेलं नसेल तर मांड बसणार कशी? वर्गातला निम्मा 'आखडलेपणा' रिकिबीच्या पट्ट्याच्या लांबीचा असतो.

जमिनीवर असताना बोटांची टोकं पट्टा अडकतो त्या लोखंडी कडीला लावा, रिकीब काखेपर्यंत आली पाहिजे. हा अंदाज झाला. खरी तपासणी वर बसल्यावर: पाय रिकिबीबाहेर सैल लोंबू द्या, रिकिबीची पायरी घोट्याच्या हाडाशी यावी. नवशिक्याला एक भोक आखूड चालेल. चार घोड्यांवर डझनभर मुलं फिरतात तेव्हा पट्टा लांबच राहतो, मूल पायाच्या बोटांनी रिकीब शोधत बसतं आणि टाच वर जाते. भोक कमी पडलं तर पट्ट्याला पीळ किंवा गाठ मारतात, ती नडगीला रुतते. पंचने भोक पाडा. चढताना वजन नेहमी डाव्या पट्ट्यावर येऊन तो ताणतो, तेव्हा दोन्ही पट्टे अधूनमधून अदलाबदल करा आणि शक्यतो ओट्यावरून चढवा.

रिकिबीची रुंदी बुटापेक्षा दोन ते अडीच सेंटिमीटर जास्त. अरुंद असेल तर पडताना बूट अडकतो, फार रुंद असेल तर पाऊल आरपार जातं. दोन्ही वेळा मूल फरफटलं जातं, यात हयगय नको.

खोगिराचा सर्वांत खोल भाग मागे असेल तर कुठलंही झाड डोळ्यांपुढे आणा, मूल खुर्चीतच बसणार. मोकळं खोगीर सपाट जागी ठेवून त्यावर गोल पेन्सिल टाका. ती जिथे थांबते तिथे बूड सरकतं. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) एकदम आवळू नका. आधी सैल, मग चढण्यापूर्वी कसा आणि पाच मिनिटं चालवून पुन्हा बघा, कारण घोडा फुगवलेलं पोट तेवढ्यात सोडतो.

दुडकीस्वार

पट्टे आज तपासले, सात मुलांचे लांब निघाले. एक शंका: लगाम काढून घेऊन लंजवर, म्हणजे घोडा लांब दोरावर गोल फिरवत, शिकवायचं म्हटलं तर मुलं धरणार काय? आणि अर्धा तास विभागायचा कसा?

मांड_पक्की

घोड्याच्या मानेच्या मुळाशी चामड्याचा सैल गळपट्टा बांधा. मुठीएवढी फट राहू दे. तोल गेला की मूल तो धरतं आणि तोंडाला झटका बसत नाही. लगामांना गाठ मारून मानेवर ठेवा. लंजचा दोर बिटाला लावू नका, नाकपट्टीच्या कडीला लावा. दोर सात-आठ मीटरचा, वर्तुळाचा व्यास १५ मीटरपेक्षा लहान नको. लहान वर्तुळात घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो आणि मूल बाहेरच्या बाजूला घसरतं.

वेळेचं: पहिली दहा मिनिटं कदम चाल, हात कंबरेवर, खांद्यावर, मग डोक्यावर. पुढे दुडकी, पण फक्त दहा-बारा पावलं, आणि घडी विस्कटायच्या आत कदम चालीवर. असे सहा-सात तुकडे, मध्ये दिशा बदलून दोन्ही बाजूंना सारखे. सलग तीन फेऱ्या मारल्या तर शेवटच्या दोन फेऱ्यांत मूल आखडायलाच शिकतं. शेवटची पाच मिनिटं लंजबाहेर, लगाम लांब सोडून.

उठबस करत दुडकी शिकवताना बाहेरच्या बाजूचा पुढचा खांदा पुढे जाईल तेव्हा उठ, असं सांगा. मूल खाली बघून खांदा शोधत असेल तर तुम्हीच मोठ्याने 'वर, वर, वर' म्हणत ठेका द्या.

पागा

एक भर घालतो. एका तासाला एकच चित्र द्या. माड, पाढे आणि मऊ नजर एकाच दिवशी सांगितली तर मूल डोक्यात पुटपुटत बसतं आणि शरीर विसरतं. आणि तुम्ही वर्तुळाच्या मध्यावरून मुलाचा चेहरा बघत असाल तर आधी घोटा बघा. टाच खाली-वर लवताना दिसली तर काही बोलू नका.